उरेब पट्टी लावण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरमधल्या आमच्या शिवणवर्गात नव्याने येणाऱ्या विद्यार्थिनी आठवड्याभरात सरळ टीप मारायला शिकतात. पण झबल्याच्या गळ्याची किंवा मुंढ्याची कापलेली कड झाकायला उरेब पट्टी लावायची वेळ आली की हात अडखळतो आणि तेच ते प्रश्न पुन्हा समोर येतात. त्यांची उत्तरे येथे कारणांसहित दिली आहेत, कारण पट्टी कशी वागते हे एकदा समजले म्हणजे प्रत्येक नव्या कपड्यासाठी नवा नियम पाठ करावा लागत नाही.

उरेब म्हणजे नेमके काय, आणि ती ताणली का जाते?

कापडाच्या काठाला समांतर जातो तो उभा धागा, आणि पन्ह्याच्या दिशेने जातो तो आडवा धागा. या दोन्हींशी ४५ अंशांचा कोन करून जाणारी तिरकी दिशा म्हणजे उरेब. एखादा सुती हातरुमाल समोरासमोरच्या दोन बाजूंना धरून ओढला तर तो जवळजवळ हलत नाही, पण समोरासमोरची दोन टोके धरून ओढला तर लगेच लांबतो आणि त्याच वेळी मध्यभागी अरुंद होतो. धागा स्वतः लांबत नसतो. उभ्या-आडव्या धाग्यांमुळे तयार झालेले बारीक चौकोन कलतात आणि समभुज चौकोनाचा आकार घेतात, म्हणून कापडाला ती लवचीकता येते. गोल कडेवर पट्टी चुण्या न पडता बसते ती याच गुणामुळे. पॅरिसच्या वेशरचनाकार मादलेन व्हिओने यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत संपूर्ण पोशाखच उरेब कापून अंगाबरोबर झुकणारे कपडे घडवले, त्यामागेही हेच तत्त्व होते. आपण तेच तत्त्व दीड-दोन बोटांच्या पट्टीत वापरतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पट्टी लांबली की अरुंद होते, म्हणून इस्त्री करताना ती ओढली गेली तर कापताना घेतलेले माप उरत नाही. इस्त्री सरकवण्याऐवजी उचलून ठेवावी, पुन्हा उचलून पुढे ठेवावी.

सरळ कडेला साधी, सरळ धाग्यावर कापलेली पट्टी चालणार नाही का?

चालते. टेबलक्लॉथ, पडदा, सरळ बाजूंची पिशवी यांना सरळ पट्टी लावली तर कापडही कमी लागते आणि कड ताठ राहते. परंतु ज्या कडेवर रोजची घासाघीस होते, उदाहरणार्थ गोधडी, लाळेरे किंवा स्वयंपाकघरातील एप्रन, तिथे मी सरळ कडेलाही उरेब पट्टीच लावण्याचा आग्रह धरते. सरळ पट्टीच्या घडीवर मोजकेच एक-दोन धागे लांबवर पसरलेले असतात आणि ते झिजले की पूर्ण कडच फाटत जाते. उरेब पट्टीत घडीवरून असंख्य धागे तिरके ओलांडून जातात, त्यामुळे एखादा तुटला तरी झीज त्या जागेपुरतीच राहते.

पट्टी किती रुंद कापावी?

तयार झालेली पट्टी दर्शनी बाजूला जितकी रुंद दिसायला हवी, त्याच्या चौपट रुंदी एकेरी पट्टीसाठी घ्यावी आणि कापडाच्या जाडीसाठी ३ ते ४ मिलिमीटर अधिक धरावेत. चौपट का, याचा हिशेब सोपा आहे: एक भाग टिपेच्या आत माया (टिपेपलीकडे शिवणीसाठी सोडलेले कापड) म्हणून, एक दर्शनी बाजूस, एक मागच्या बाजूस आणि एक मागे आत दुमडण्यासाठी. म्हणजे ६ मिलिमीटरच्या पट्टीसाठी सुमारे २८ मिलिमीटर आणि ९ मिलिमीटरच्या पट्टीसाठी सुमारे ४ सेंटिमीटर.

दुहेरी पट्टीत कापड आधी लांबीत निम्मे दुमडून घेतात आणि दोन्ही कच्च्या कडा एकत्र ठेवून शिवतात. तिला सहापट रुंदी लागते. मलमल किंवा जुनी मऊ साडी यांसारख्या पातळ कापडासाठी दुहेरी पट्टी उत्तम, कारण तिची मागची कड आधीच घडीची असल्याने ती पुन्हा दुमडावी लागत नाही आणि टिकतेही अधिक. पॉपलिनच्या किंवा त्याहून जाड कापडाची दुहेरी पट्टी मात्र गळ्यावर टोचते.

कापड किती लागेल, हे आधी कसे काढावे?

प्रथम ज्या कडेला पट्टी लावायची तिची लांबी टेप उभी धरून मोजावी, कारण गोलाईवर आडवी टेप नीट वळत नाही. त्यात जोडांसाठी आणि टोकांसाठी २५ सेंटिमीटर मिळवावेत. चौकोनी तुकड्यातून किती पट्टी निघेल हे काढण्यासाठी तुकड्याच्या बाजूचा वर्ग करून त्याला पट्टीच्या रुंदीने भागावे. ४५ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनाचे क्षेत्रफळ २०२५ चौरस सेंटिमीटर होते. त्याला ४ ने भागले की सुमारे ५०६ सेंटिमीटर, आणि जोडांत जाणारे कापड वजा करून पावणेपाच मीटर पट्टी हाती लागते. ब्लाउजपीसमधून उरलेल्या तुकड्यांत एवढे कापड बहुधा असतेच.

याच चौकोनातून अखंड पट्टी काढण्याची एक जुनी पद्धत आहे आणि लहान जागेत काम करणाऱ्यांना ती फार सोयीची पडते. चौकोन कर्णावर कापून दोन त्रिकोण करावेत, त्यांच्या सरळ बाजू सुलट्या बाजू आत ठेवून जोडाव्यात, तयार झालेल्या तिरक्या चौकोनावर उरेब कडेला समांतर ४-४ सेंटिमीटरवर खडूने रेघा आखाव्यात आणि मग उरलेल्या दोन सरळ बाजू, एक रेघ पुढे सरकवून, एकमेकींना शिवून नळी करावी. ती एक रेघ सरकवण्यातच सारे कौशल्य आहे. विसरल्यास अखंड पट्टीऐवजी सुट्या बांगड्या निघतात. सरकवलेल्या नळीत एका टोकाने कात्री घातली की आखलेल्या रेघेवरून ती गोल गोल फिरत शेवटपर्यंत जाते, आणि त्यासाठी कापण्याचे मोठे टेबल लागत नाही. आमच्याकडे चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पलंगावर बसून विद्यार्थिनींनी गोधडीची पूर्ण पट्टी अशीच कापली आहे.

सुटे तुकडे जोडताना पट्टीची रेषा वाकडी का होते?

तिरक्या टोकांचे दोन तुकडे एकमेकांवर काटकोनात, सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून तिरकी टीप मारावी लागते. यात टोके तंतोतंत जुळवली की चूक होते. टिपेच्या मायेइतके दोन्ही बाजूंना छोटे कान बाहेर डोकावले पाहिजेत आणि टीप त्या कानांच्या बेचक्यातून सुरू होऊन बेचक्यातच संपली पाहिजे. त्यानंतर माया दोन बाजूंना उघडून इस्त्री करावी आणि कान कापून टाकावेत. तिरका जोड यासाठी, की त्याची जाडी एका जागी न साठता पट्टीभर विभागली जाते.

घरी पट्टी करावी की तयार विकत घ्यावी?

पॉलिएस्टर-मिश्रित तयार पट्टीच्या गुंड्या दादरच्या बाजारात आणि भुलेश्वरच्या लेस-बटणांच्या दुकानांत सहज मिळतात, आणि एप्रन, पिशव्या, पायपुसणी यांसाठी त्या पुरेशा आहेत. तान्ह्या बाळाच्या कपड्यांसाठी मात्र मी त्या वापरू देत नाही. त्यांतील पुष्कळ पट्ट्या खळीमुळे ताठ असतात, मिश्र धाग्याची पट्टी घाम शोषत नाही, आणि झबल्याचे सुती कापड पहिल्या धुण्यात आटले की न आटणारी पट्टी त्याच्याभोवती लाटांसारखी उभी राहते. बाळाच्या कपड्यांना झबल्याच्याच कापडाची किंवा हिंदमाता, मंगळदास मार्केट येथे मिळणाऱ्या मलमलीची पट्टी घरी करावी. तयार पट्टी घेतलीच तर काठाकडे निरखून पाहावे: पट्टी खरोखर उरेब कापलेली असेल तर धागे तिच्या लांबीशी तिरके दिसतात. फिती म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पट्ट्या सरळ विणीच्या असतात आणि त्या गोलाईवर कधीच बसत नाहीत.

पट्टीसाठी कोणते कापड चांगले?

घट्ट विणीचे पण पातळ सुती कापड, म्हणजे मलमल, केंब्रिक किंवा ब्लाउजसाठी वापरतात ते टू बाय टू रुबिया. पट्टीचे कापड मूळ कपड्याहून जाड नसावे, शक्यतो किंचित पातळच असावे. खण सुंदर दिसतो, पण त्याची वीण दाट असल्याने त्याची पट्टी ९ मिलिमीटरपेक्षा अरुंद करू नये. रेघांचे कापड उरेब कापले की रेघा तिरक्या येतात आणि चौकड्यांचे शंकरपाळे होतात, त्यामुळे साध्या कपड्यालाही उठाव येतो.

कापड आणि पट्टी दोन्ही शिवण्याआधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावीत. लाल, मरून, निळ्या पट्टीचा एक तुकडा पांढऱ्या चिंधीबरोबर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून पाहावा. चिंधीला रंग लागला तर ती पट्टी पांढऱ्या कपड्याला लावू नये. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने कच्चा रंग पक्का होईलच, असे मानून चालू नये.

गळ्याला पट्टी लावायची असेल तर माया सोडावी का?

बाहेरून दिसणारी पट्टी लावायची असेल तर सोडू नये. पट्टी कच्च्या कडेला दोन्ही बाजूंनी कवेत घेते, त्यामुळे कापलेली कड हीच तयार गळ्याची कड ठरते. कागदी आकृतीत माया धरलेली असल्यास ती कापून टाकावी, अन्यथा गळा तेवढाच वर चढतो आणि लहान मुलांच्या डोक्यातून कपडा जात नाही. याउलट पट्टी पूर्णपणे आत वळवून लपवायची असेल, जशी पुष्कळ ब्लाउजांच्या गळ्याला असते, तर माया हवीच. दोन्ही प्रकारांना बोलताना पट्टी असेच म्हटले जात असल्याने हा घोटाळा फार होतो. शिवायला देताना किंवा घेताना पट्टी दिसणारी की आतली, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

पट्टी लावल्यावर गळा उभा राहतो, आणि गोल टेबलमॅटची कड मात्र वाटीसारखी वळते. दोन्हींत चूक एकच आहे का?

दोन्हींचे मूळ एक आहे, पण चुका परस्परविरुद्ध आहेत, आणि माझ्या मते उरेब पट्टीच्या कामात समजून घेण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

गळा हा आत वळलेला गोल आहे. पट्टीची टीप कडेपासून ६ मिलिमीटर आत, म्हणजे कपड्याच्या अंगाकडे बसते, आणि तिथे गोलाचा घेर मोठा असतो. पट्टी उलटून तयार झाली की तिची बाहेरची घडी गळ्याच्या कडेवर येते, जिथे घेर लहान असतो. पूर्ण गोल धरला तर या दोन घेरांत सुमारे ३८ मिलिमीटरचा फरक पडतो, मग गळा लहान असो वा मोठा, कारण हा फरक फक्त ६ मिलिमीटर अंतरावर अवलंबून असतो. पट्टी न ताणता शिवली तर घडीवर हे ३८ मिलिमीटर कापड जास्तीचे राहते आणि गळा मानेपासून सुटून उभा राहतो. म्हणून आत वळलेल्या गोलाईवर शिवताना पट्टी हलकी ताणून धरावी. कपडा मात्र मुळीच ताणू नये.

टेबलमॅटची किंवा गोधडीच्या गोल कोपऱ्याची कड बाहेर वळलेली असते. तिथे टीप लहान घेरावर आणि घडी मोठ्या घेरावर येते, त्यामुळे घडीला कापड जास्त लागते. येथे पट्टी ताणली तर घडी आखूड पडते, कड आवळली जाते आणि वाटी तयार होते. म्हणून बाहेरच्या गोलाईवर पट्टी बोटांनी किंचित आत ढकलत, ढिली सोडत शिवावी.

किती ताणावी, याचा आकडा सर्व कापडांना एकच देता येत नाही. हातशिलाईच्या कच्च्या धावदोऱ्याने आधी पट्टी बसवून, बोटाने घडी उलटून पाहावी. गळा अंगाशी सपाट बसला तर ताण बरोबर आहे. गळा कापल्यावर लगेच, पट्टी लावण्याच्याही आधी, कडेपासून ४ मिलिमीटरवर खांद्याकडून मध्याकडे अशी एक टीप मारून ठेवावी, म्हणजे हाताळताना गळा स्वतः पसरत नाही. माझ्या पाहण्यात बिघडलेल्या गळ्यांपैकी पुष्कळसे या एका टिपेच्या अभावी बिघडलेले असतात, आणि दोष मात्र पट्टीला दिला जातो.

पट्टी आधी सुलट्या बाजूने लावावी की उलट्या?

मागची बाजू हाताने तुरपून पूर्ण करायची असेल तर पट्टी आधी कपड्याच्या सुलट्या बाजूला, सुलटीवर सुलटी ठेवून, पहिल्या घडीच्या रेषेवर टीप मारून लावावी. नंतर ती कडेवरून मागे वळवून, घडी पहिल्या टिपेला झाकेल अशी ठेवून तुरपाई करावी. सुई फक्त टिपेच्या धाग्यातून न्यावी, म्हणजे दर्शनी बाजूला एकही टाका दिसत नाही.

सर्व काम मशीनवरच करायचे असेल तर क्रम उलटावा: पट्टी आधी उलट्या बाजूला शिवावी, सुलटीकडे वळवावी आणि वरून घडीच्या अगदी कडेने टीप मारावी, कारण जी टीप शेवटी डोळ्यांसमोर मारली जाते तीच सरळ येते. पट्टीची एक बाजू १-२ मिलिमीटर रुंद ठेवून ती खाली घेतली तर वरची टीप खालची कड हमखास पकडते. सुती पट्टीला १४ नंबरची सुई आणि अडीच मिलिमीटरचा टाका पुरतो. मलमलीसाठी ११ नंबरची सुई घ्यावी.

चौकोनी कोपरा नीट कसा वळवावा?

कोपऱ्याच्या अलीकडे टिपेच्या मायेइतके अंतर राहील तेव्हा थांबावे, दोन टाके मागे घेऊन धागा तोडावा आणि कापड मशीनखालून बाहेर काढावे. पट्टी वरच्या दिशेला अशी दुमडावी की तिची कड पुढच्या बाजूच्या रेषेत येईल. येथे ४५ अंशांची घडी आपोआप पडते. मग ती सरळ खाली दुमडावी, वरची घडी आधीच्या कच्च्या कडेशी बरोबर जुळवावी आणि अगदी वरून टीप सुरू करावी. पट्टी मागे वळवल्यावर पुढच्या बाजूस तिरकी रेष आपली आपण तयार होते. मागची घडी पुढच्या घडीच्या विरुद्ध दिशेला पाडावी, म्हणजे जाडी दोन्हीकडे वाटली जाते.

व्ही आकाराच्या गळ्याचे काय?

टोकाच्या दोन्ही बाजूंना ३-३ सेंटिमीटर बारीक टाक्याची टीप मारून, त्या टिपेपर्यंत पण टीप न कापता टोकाला एक काप द्यावा. पट्टी शिवत टोकापर्यंत आले की सुई कापडात रोवून ठेवावी, फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) उचलावे, काप उघडून कड सरळ रेषेत आणावी आणि पुढे शिवावे. शेवटी कपडा मध्यावर दुमडून पट्टीवर टोकापाशी छोटी तिरकी टीप घातली की व्ही टोकदार दिसतो.

सुरुवात आणि शेवट कुठे व कसा जुळवावा?

जोड नजरेस पडणार नाही तिथून सुरुवात करावी: मुंढ्यासाठी काखेत, गळ्यासाठी खांद्याच्या शिवणीजवळ मागच्या बाजूस, गोधडीसाठी एखाद्या बाजूच्या मधोमध, कोपऱ्यावर कधीही नाही. दोन्ही टोकांना १०-१० सेंटिमीटर पट्टी न शिवता मोकळी ठेवावी. टोके एकमेकांवर ठेवून, पट्टीच्या पूर्ण उघड्या रुंदीइतकी ती एकमेकांवर येतील अशी कापावीत, काटकोनात ठेवून तिरकी टीप मारावी आणि जास्तीचे कापण्यापूर्वी पट्टीला पीळ पडलेला नाही हे पाहावे.

साटीन किंवा रेशमाची पट्टी कात्रीखालून निसटते. उपाय काय?

कापड वर्तमानपत्रावर टाचून कागदासकट कापावे. भाताच्या पेजेची पातळ खळ देऊन, अर्धवट ओले असताना इस्त्री केली तरी साटीन ताब्यात येते, मात्र आधी कडेच्या तुकड्यावर डाग पडतो का ते पाहावे. टाचण्या फक्त मायेत टोचाव्यात, कारण रेशमावर त्यांची भोके राहतात.

पायपिन आणि उरेब पट्टी एकच का?

बोलण्यात दोन्हींना पायपिन म्हणतात, काम वेगळे आहे. दोरी घालून केलेली पायपिन दोन कापडांच्या शिवणीत अडकवली जाते आणि दोरीपुरतीच बाहेर डोकावते. कच्ची कड झाकण्याचे काम ती करत नाही. तिलाही उरेब कापडच लागते, आणि टीप दोरीला चिकटून यावी म्हणून चेन लावण्याचे एकपायी फूट वापरावे.

पट्टी आपोआप दुमडून लावणारे बाइंडर फूट घ्यावे का?

सरळ आणि लांब कडा पुष्कळ असतील, जसे पिशव्यांचे किंवा एप्रनचे काम, तर अवश्य घ्यावे. धारावीतल्या कारखान्यांत फोल्डर लावलेल्या मशीनवर हे काम झपाट्याने होते. घट्ट गोलाई आणि कोपरे यांवर मात्र पट्टी बाइंडरमधून निसटते, म्हणून आधी हाताने लावायला शिकावे.

पावसाळ्यात वेगळी कोणती काळजी घ्यावी?

मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये टाचण्या कापडात टोचून रात्रभर ठेवू नयेत. गंजाचा डाग सुती कापडातून सहज निघत नाही. धुतलेले कापड हाताला कोरडे लागले तरी दमट असू शकते, आणि दमट उरेब पट्टी इस्त्रीखाली अधिक लांबते. म्हणून पट्टी कापण्याआधी कापडावर कोरडी इस्त्री फिरवून ते पूर्ण थंड होऊ द्यावे. कापलेली पट्टी टांगून ठेवू नये, स्वतःच्या वजनाने ती ओघळते. पुठ्ठ्यावर सैल गुंडाळून ठेवावी.

आजीच्या गोधडीची कड विरली आहे. जुनी पट्टी काढून नवी लावावी का?

काढू नये. जुन्या गोधडीत आतल्या साड्यांचे थर त्या पट्टीच्या आधारानेही एकत्र राहिलेले असतात, आणि ती उसवताना विरलेले कापड टाक्यांबरोबर फाटत येते. जुनी पट्टी जागच्या जागी कच्च्या धावदोऱ्याने बसवून, तिच्यावरून थोडी रुंद, दुहेरी उरेब पट्टी लावावी: तयार रुंदी दीड सेंटिमीटर हवी असेल तर सुमारे साडेनऊ सेंटिमीटर कापड कापावे. घरात जुने सुती लुगडे असल्यास त्याची पट्टी सर्वांत उत्तम, कारण ते आटून, मऊ होऊन स्थिर झालेले असते. फक्त उजेडासमोर धरून पाहावे आणि जिथे प्रकाश जास्त आरपार येतो तो भाग सोडून काठाजवळचे, कमी झिजलेले कापड घ्यावे. मशीनचे दात इतकी जाडी ओढत नसतील तर पुढची टीपही हातानेच, मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने आणि दर चौथ्या टाक्याला एक उलटी टीप घेत घालावी.